बांधा मजबूत, चेहरा गोल

जाड माणसाला जाड म्हणू नये, असं अलीकडे सुशिक्षित घरांत शिकवलं जातं. त्याऐवजी काय म्हणावं याची यादीही तयार असते: हेल्दी, चबी, प्लस साइज, 'अंगाने भरलेली', 'तब्येतीने जरा बरी'. काही शब्द असभ्य, काही सभ्य. असभ्य काढून सभ्य बसवले की प्रश्न मिटला, अशी ही समजूत. समोर दुसरा पक्ष आहे. 'आमच्या वेळी वर्गात एक तरी जाड्या असायचाच, कुणाचं काय बिघडलं?' असं तो विचारतो. त्याच्या लेखी शब्दांत काही नसतंच. दोन्ही पक्षांचा वाद ऐकताना मला वाटतं, दोघंही चुकीच्या जागी शोधताहेत.

माझं म्हणणं असं. शरीराबद्दलच्या बोलण्यातला अपमान शब्दात कमी आणि तीन गोष्टींत जास्त असतो: त्या वर्णनाची तिथे गरज होती का, वर्णनाचं नाव करून टाकलं का, आणि देहावरून माणसाच्या स्वभावाचा निकाल लावला का. या कसोट्या लावल्या तर यादीतले बरेचसे सभ्य शब्द नापास होतात आणि 'जाड' हा रोखठोक शब्द बऱ्याच वेळा पास होतो. हे टप्प्याटप्प्याने मांडतो.

१. आपली शब्दसंपत्ती दुष्काळातली आहे

मराठीला जाडपणाचा मुळात राग नाही. माणूस खूश झाला की त्याच्या अंगावर मूठभर मांस चढतं. संस्था नावारूपाला येऊ लागली की ती बाळसं धरते. सभेला गर्दी कमी झाली की उपस्थिती रोडावते. चांगला पगार लठ्ठ असतो, फारच चांगला असला तर गलेलठ्ठ. आजारातून उठलेल्या माणसाला 'तब्येत सुधारली' म्हणतात तेव्हा त्याचं वजन वाढलंय, एवढंच बहुधा म्हणायचं असतं. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीतली म्हातारी लेकीकडे जाते ती खाऊन-पिऊन लठ्ठमुठ्ठ व्हायलाच, आणि भोपळ्यात बसून परत येते तेव्हा तिच्या जाड होण्याला कुणी हसत नाही. उलट बारीक माणसाच्या वाट्याला आलेले शब्द बघा: हडकुळा, काटकुळा, लुकडा, पाप्याचं पितर, काडीपैलवान. यांत प्रेमाचा एकही नाही.

यामागचं कारण साधं आहे. ही भाषा पोटभर मिळण्याची खात्री नसलेल्या लोकांनी घडवली. १८७६ ते ७८ चा दुष्काळ दख्खनने पाहिला, १८९६-९७ चा पाहिला, आणि १९७२ चा तर आज हयात असलेल्या पिढीने खडी फोडत, सुकडी आणि मिलो खात काढला. त्या पिढीतल्या आजीने नातवाला बघून 'सुकलास रे' म्हणणं ही तिची मायेची पहिली ओळ. तिच्या शब्दकोशात अंगावरचं मांस म्हणजे घरातलं धान्य. 'खात्यापित्या घरची' हा शब्दप्रयोग देहाबद्दल कमी आणि कोठाराबद्दल जास्त सांगतो.

मग गेल्या तीस-चाळीस वर्षांत शहरात आणि पाठोपाठ तालुक्याच्या गावात तेल, साखर, मैदा स्वस्त झाला, चालणं कमी झालं, आणि बारीक असणं हे पैशाचं नि शिस्तीचं लक्षण ठरलं. शब्द जुनेच राहिले, किंमत उलटली. याचा फटका बसतो मुलांना. 'सुदृढ बालक' स्पर्धेत गुटगुटीत म्हणून बक्षीस मिळवलेलं मूल दहा-बारा वर्षांचं होतं आणि त्याच आत्या-मावश्या त्याला 'सुटलास की रे' म्हणू लागतात. मधे नेमकं कधी बाळसं संपलं आणि लठ्ठपणा सुरू झाला, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. 'शब्द बदला' म्हणणाऱ्या पक्षाचा पहिला घोटाळा हा: शब्द तोच ठेवूनही किंमत उलटू शकते, तेव्हा नवा शब्द आणला तरी जुनी किंमत त्याला येऊन चिकटायला वेळ लागत नाही. 'हेल्दी' हे त्याचं ताजं उदाहरण. त्याकडे पुढे येतो.

२. वर्णन वेगळं, नाव ठेवणं वेगळं

'जाड' हे अविकारी विशेषण आहे. जाड कागद, जाड चादर, जाड पोळी; जाड मुलगा, जाड मुलगी. लिंग-वचनाने ते हलत नाही. त्यात निंदाही नाही. थंडीत जाड रजई मागताना आपण रजईचा अपमान करत नसतो. गडबड होते ती त्याला शेपूट लागल्यावर. जाड्या, जाडी, लठ्ठ्या, ढेऱ्या. मराठीतला हा 'या' माणसाची एक खूण उचलतो आणि तिचाच माणूस करतो: काळ्या, बुटक्या, लंगड्या, टकल्या. विशेषण असतं तोवर त्या माणसाला इतर विशेषणं लावायला जागा असते. जाड, हुशार, तापट, उत्तम गाणारा. नाम झालं की बाकी सगळं गळून पडतं. ('जाडंभरडं कापड' या प्रयोगात जाड विकारी होतं, हे व्याकरणाचे जाणकार सांगतील. मान्य. पण कापडाला हाक मारायची नसते.)

याचा सुरेख नमुना म्हणजे लॉरेल आणि हार्डी. मराठी प्रेक्षकाने या जोडीचं बारसं केलं ते 'जाड्या-रड्या' असं. नावं मजेदार आहेत, तोंडात बसतात. पण जरा निरखून बघा. बारक्या लॉरेलला तो काय करतो यावरून नाव मिळालं, तो रडतो. हार्डीला तो कसा आहे यावरून. खरं तर हार्डीचा सगळा विनोद त्याच्या करण्यात आहे: ती टायशी चाललेली बोटांची चाळवाचाळव, फजिती झाल्यावर कॅमेऱ्याकडे टाकलेला हताश कटाक्ष, खिशात दमडी नसताना सांभाळलेली खानदानी ऐट. त्याच्या वजनापेक्षा त्याच्या प्रतिष्ठेची घसरण जास्त हसवते. आपण मात्र त्याच्या अंगापाशीच थांबलो.

दुसरं उदाहरण जास्त बोचणारं. उमादेवी खत्री ही हिंदी चित्रपटांतली गायिका. १९४७ च्या 'दर्द'मध्ये नौशाद यांच्या संगीतात ती गायली आणि तिचं गाणं देशभर वाजलं. पुढे गाणी कमी झाली, १९५० च्या 'बाबुल'पासून ती पडद्यावर विनोदी भूमिकांत आली आणि तिचं टुणटुण झालं. तिने त्या नावावर मोठी कारकीर्द केली, हे तिचं कर्तृत्व. पण आपण पुढे काय केलं? ते नाव सामान्यनाम करून शाळेतल्या, कचेरीतल्या, शेजारच्या कुठल्याही जाड मुलीला लावलं. टुणटुण म्हणून चिडवणाऱ्या किती जणांना माहीत असेल की ती गात होती?

३. पुरुषाचा कोश निराळा, बाईचा निराळा

शब्दांची विभागणी करून पाहिली की आणखी एक गोष्ट दिसते. पुरुषाच्या मोठ्या देहासाठी आपल्याकडे धिप्पाड आहे, दणकट आहे, भारदस्त, दांडगा, अंगापिंडाने मजबूत, असे कितीतरी. पोट सुटलेल्या माणसालाही दोंदिल, तुंदिलतनू असे चक्क साहित्यिक शब्द मिळतात. बाईच्या वाट्याला यातलं काय येतं? धिप्पाड बाई म्हटलं की कौतुक संपून भीती सुरू होते. तिच्यासाठी आहेत ते थोराड, आडवी, अंगाने सुटलेली, बोजड. 'थोराड'मध्ये तर वजनाच्या जोडीने वयही वाढवलेलं आहे. 'वजनदार' हा शब्द घ्या. वजनदार मंत्री म्हणताना कुणाच्या डोळ्यांपुढे काटा येत नाही. २०१६ साली सचिन कुंडलकरांनी दोन बायकांच्या वजनाभोवती फिरणाऱ्या चित्रपटाला हेच नाव दिलं आणि ते शीर्षक लगेच कळलं, कारण बाईला लावल्यावर हा शब्द प्रभावावरून घसरून किलोवर येतो, हे प्रेक्षकाला ठाऊक होतं.

या विभागणीमागे मला एक गृहीतक दिसतं. मोठा देह काम करताना दिसला तर त्याला मानाचे शब्द मिळतात, खाताना दिसला तर टिंगलीचे. कोल्हापूरच्या तालमीतला पैलवान दूध, तूप, बदामाची थंडाई रिचवतो त्याला आपण खुराक म्हणतो. तेवढंच दुसऱ्या कुणी खाल्लं तर त्याला काय म्हणतो ते सांगायला नको. पैलवानाचं खाणं मैदानावर दिसतं म्हणून ते गुंतवणूक ठरतं. बाईचं काम मात्र स्वयंपाकघरात, शेतात, नळाच्या रांगेत कधी 'काम' म्हणून दिसलेलंच नाही. म्हणून दिवसभर राबणारी, दोन बाळंतपणं झालेली बाई जाड दिसली की निष्कर्ष निघतो: बसून खाते.

४. सभ्य शब्दांचा डाव

आता 'हेल्दी'. एखाद्या मुलीबद्दल 'ती जरा हेल्दी आहे' असं म्हटलं जातं तेव्हा ती निरोगी आहे असं कुणीही समजत नाही. शब्दाचा अर्थ एक, रोख दुसरा. मला यातलं फसवेपण खटकतं ते एका व्यावहारिक कारणासाठी: त्याला उत्तर देता येत नाही. 'जाड झालीस' असं कुणी म्हटलं तर 'बरं, मग?' असं विचारता येतं. 'हेल्दी दिसतेस' म्हणणाऱ्याला तसं विचारलं तर तोच साळसूदपणे म्हणेल, मी तर कौतुक केलं. शेरा मारल्याचा आनंद बोलणाऱ्याला, आणि मनाला लावून घेतल्याचा ठपका ऐकणाऱ्यावर. 'प्लस साइज' त्यामानाने सरळ आहे. तो दुकानातल्या फळीवरचा शब्द आहे आणि फळीपुरता ठीक आहे. तो माणसाला लावला की पुन्हा कपड्यावरून नाव ठेवणं सुरू.

वर्णनाची गरज असते तेव्हा भाषा कशी साफ चालते, हे पाहायचं तर वर्तमानपत्रातल्या दोन छोट्या मजकुरांची तुलना करावी. एक, वधू पाहिजे: सडपातळ, गोरी, गृहकृत्यदक्ष. दुसरा, बेपत्ता व्यक्तीचं निवेदन: वय ३८, उंची ५ फूट २ इंच, बांधा मजबूत, रंग सावळा, चेहरा गोल, नाक सरळ, अंगात हिरवी साडी. दोन्हीकडे देहाचंच वर्णन आहे, दुसरीकडे तर नाकापर्यंत. पण दुसऱ्या मजकुराने कुणाचा अपमान होत नाही. तिथे प्रत्येक शब्द एका कामाला लावलेला आहे, ती बाई सापडावी. 'मजबूत'ऐवजी 'जाड' लिहिलं असतं तरी चाललं असतं. पहिल्या मजकुरातले शब्द शोधण्यासाठी नसतातच, ते चाळण्यासाठी असतात. कोणी अर्ज करू नये हे त्यांतून सांगायचं असतं.

किंवा ब्लाउज शिवणाऱ्या बाईंकडे जा. त्या टेप लावतात आणि मोठ्याने आकडे सांगतात, शेजारची मुलगी वहीत उतरवते: छाती ४४, कंबर ४०, दंड १६. 'मुंढ्यात काचतो का हो मागचा?' विचारतात. बाजूंना माया जास्त सोडतात, कारण पुढच्या वर्षी उसवून सैल करायला लागेल हे त्या धरूनच चालतात. तिथे उभ्या असलेल्या चार बायकांसमोर सगळी मापं जाहीर होतात आणि कुणाला काही वाटत नाही. त्याच ४४ च्या आकड्याकडे पाहत तयार कपड्यांच्या दुकानातला विक्रेता 'ताई, तुमच्यात नाही येणार हा पॅटर्न' म्हणतो तेव्हा मात्र खटकतं. त्याच्या वाक्यात एकही वाईट शब्द नाही. त्यात दोष कापडाच्या मापाचा असायला हवा होता, तो ताईंच्या अंगावर टाकलेला आहे.

५. आक्षेप

'आम्ही प्रेमाने म्हणतो.' म्हणत असतील. ढब्बू, गबदुल ही घरातली लाडाची नावं आहेत आणि मी ती बंद करा म्हणत नाही. लाडाच्या नावाची एकच अट असते, ते ज्याचं आहे त्याला ते परतवता आलं पाहिजे. बरोबरीच्या मित्राला जाड्या म्हणणारा स्वतः टकल्या ही हाक ऐकून घेतो, तिथे हिशेब फिटतो. मामा भाचीला ढब्बू म्हणतो तेव्हा भाची मामाला काही म्हणू शकत नाही. आणि घरातलं नाव शाळेच्या फाटकापर्यंत पोचायला एक धाकटा भाऊ पुरतो.

'आपण तर लंबोदराची पूजा करतो, आपल्यात कुठे आहे हा भेद?' हा आक्षेप दर वेळी येतो म्हणून नोंदवतो. गणपतीला स्थळं बघायला जावं लागत नाही.

'शब्द टाकून देण्यापेक्षा तो छातीठोकपणे वापरावा.' हे म्हणणं गंभीर आहे. अमेरिकेत १९६९ पासून जाड माणसांच्या हक्कांसाठी काम करणारी संघटना आहे, आणि तिथल्या चळवळीने सभ्य पर्याय नाकारून 'फॅट' हाच शब्द स्वतःसाठी घेतला. मला ही दिशा सभ्य शब्दांच्या शोधापेक्षा कितीतरी निरोगी वाटते, आणि मराठीत तशी गरज पडलीच तर 'जाड' हा शब्द त्या कामाला तयार आहे. पण त्यात एक गोम आहे. 'मी जाड आहे' हे वाक्य उत्तम पुरुषातलं आहे. ते ऐकून कुणी द्वितीय पुरुषात वापरू लागला तर चळवळीचा परवाना त्याला लागू होत नाही.

'मग विनोदच करायचा नाही का?' जरूर करावा. 'अगडबम' (२०१०) या चित्रपटात नायिकेच्या अवाढव्य देहावर, म्हणजे तिला चढवलेल्या कृत्रिम देहावर, लोक पोट धरून हसले, हे नाकारण्यात अर्थ नाही. माझी तक्रार नीतीची कमी आणि कसबाची जास्त आहे. जाड पात्र आलं, खुर्ची मोडली, प्रेक्षक हसला: यात लेखकाने काय केलं? खुर्चीने केलं. हार्डीकडे पुन्हा बघा, म्हणजे फरक कळेल.

६. सर्वांत वजनदार आक्षेप: आरोग्य

आता उरतो तो आक्षेप ज्याच्यामागे बाकीचे सगळे लपतात. लठ्ठपणा हा आजार आहे, तो वाढतो आहे, मग तसं स्पष्ट सांगायचं नाही का? वाढतो आहे हे खरंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयातल्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ निघाले. (त्याच पाहणीत सुमारे १९ टक्के स्त्रिया गरजेपेक्षा कृश निघाल्या, त्यांच्याबद्दल लग्नात कुणी काळजी करत नाही, बहुतेक त्या मांडवात वाढपाचं काम करत असतात.) मधुमेह, गुडघे, रक्तदाब यांचा वजनाशी संबंध आहे आणि डॉक्टरांनी तो लपवू नये.

पण डॉक्टरांचा शब्द तरी निखळ असतो का? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अष्टौनिन्दितीय नावाचा एकविसावा अध्याय आहे. त्यात आठ प्रकारची शरीरं निंदित म्हणून सांगितली आहेत आणि अतिस्थूल हे त्यांतलं एक. शास्त्र सांगताना निंदाही सांगून टाकायची ही सवय इतकी जुनी. जाता जाता, त्या आठांत अतिगौर हाही आहे, पण वधू-वर सूचक मंडळांनी अध्यायाचा तेवढा भाग वाचलेला दिसत नाही.

आधुनिक वैद्यकाने निंदेच्या जागी आकडा आणला. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं हे सूत्र बेल्जियमच्या केतले या संख्याशास्त्रज्ञाचं, १८३०च्या दशकातलं. त्याला सरासरी माणूस कसा असतो ते हवं होतं, कोण आजारी आहे ते नव्हे. अमेरिकेच्या अॅन्सेल कीज यांनी त्या सूत्राला बीएमआय हे नाव दिलं ते १९७२ साली, महाराष्ट्र सुकडीवर दिवस काढत होता त्याच वर्षी. पुढे सीमारेषा सरकत राहिल्या. १९९८ मध्ये अमेरिकेने जादा वजनाची रेषा २७-२८ वरून २५ वर आणली आणि कोट्यवधी माणसं एक घासही जास्त न खाता रातोरात जादा वजनाची झाली. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी २००९ मध्ये ती आणखी खाली घेतली: २३ ला जादा वजन, २५ ला लठ्ठ. यामागे कारणं आहेत, आणि चांगली आहेत. मला एवढंच दाखवायचं आहे की 'लठ्ठ' हा शब्द दवाखान्यातही निसर्गाने कोरून दिलेला नाही, तो ठरवलेला आहे.

आणि भारतीयांबाबतच्या कारणांतलं एक तर आपल्या पुण्यातच शोधलं गेलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं की भारतीय बाळ जन्मतः वजनाने कमी असलं तरी त्याच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असू शकतं. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचीच छायाचित्रं शेजारी शेजारी छापली. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. दोघंही दिसायला सडपातळ. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. म्हणजे ज्याला बघून कुठलीही काकू 'सुकलास रे, जरा खात जा' म्हणेल, त्याच्या अंगात दुप्पट चरबी. डोळ्यांनी केलेलं निदान किती फसतं याचा यापेक्षा चांगला पुरावा मला ठाऊक नाही. बारीक मराठी माणूस 'आपल्याला काय होतंय' म्हणत साखर न तपासता वर्षं काढतो, त्यामागेही हीच नजर आहे. जाड माणसाला ती हैराण करते, बारीक माणसाला ती बेसावध ठेवते.

गुडघा दुखतो म्हणून गेलेल्या जाड रुग्णाला 'आधी वजन उतरवा' एवढंच सांगून बाहेर पाठवणं हे निदान नाही, ती तपासणी टाळण्याची सोय आहे. असा रुग्ण पुढच्या वेळी दवाखान्यात जायचंच लांबवतो. जो आरोग्यासाठी स्पष्ट बोलायचं म्हणतो त्याने या परिणामाचाही हिशेब मांडावा.

जानेवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ आयोगाने सुचवलं की केवळ बीएमआयवरून कुणाला लठ्ठपणाचा रोगी ठरवू नये. कमरेचं माप घ्यावं किंवा चरबी मोजावी, अवयवांच्या कामावर खरंच परिणाम झाला आहे का ते तपासावं, आणि परिणाम झालेला लठ्ठपणा व न झालेला लठ्ठपणा यांची नावंही वेगळी ठेवावीत. जगभरच्या पन्नासहून अधिक तज्ज्ञांना इतकी सावधगिरी बाळगावीशी वाटली. लग्नाच्या मांडवात मात्र हे काम अजून एका नजरेत उरकतं, आणि जिलबीचं ताट हातात असताना उपायही सांगितला जातो: रोज सकाळी अनशापोटी कोमट पाणी, त्यात मध आणि लिंबू.